क्रीडापानाच्या तळाशी

द्युती चंदची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ती पहिल्यापासून सांगत बसत नाही. ओडिशाची धावपटू, शंभर मीटरची राष्ट्रीय विक्रमवीर. १९ मे २०१९च्या रविवारी एका इंग्रजी दैनिकातून तिने सांगून टाकलं की गावातल्याच एका मुलीवर आपलं प्रेम आहे. असं उघडपणे सांगणारी ती पहिली भारतीय खेळाडू. त्यानंतर देशभर खळबळ उडाली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात वर्षभर वार्ताहरकी आणि हिवाळ्यात कबड्डीचं समालोचन करणाऱ्या माणसाला खळबळ कुठे उडते आणि किती वाजता खाली बसते, याचा अंदाज असतो. त्या रविवारी ती आमच्याकडे उडालीच नाही. त्या दिवशी एक्झिट पोल होते.

लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याचं मतदान त्याच संध्याकाळी संपलं. आमचं मतदान २९ एप्रिललाच उरकलेलं, त्यामुळे हीना गावित की के. सी. पाडवी यावर चहाच्या पैजा लावून लोक तीन आठवडे ताटकळले होते. मुख्य कार्यालयात द्युतीची बातमी आली तेव्हा काय झालं, ते तिथल्या क्रीडा-डेस्कवरच्या एका मित्राने नंतर सांगितलं. क्रीडापानाच्या प्रमुखांनी बातमी वाचून विचारलं, "आज धावली का ती? नाही ना? मग यात खेळ कुठे आहे?" बातमी देश-विदेशच्या पानाकडे गेली. तिथले म्हणाले, धावपटू आहे, खेळाचंच आहे, परत न्या. मग कुणीतरी सुचवलं की प्रेमाचा मामला आहे, तरुणांच्या पुरवणीला द्या. पण पुरवणी बुधवारची. पान सोडायची वेळ झाली तरी बातमी टेबलावरच. शेवटी क्रीडापानाच्या तळाशी एक जाहिरात ऐन वेळी रद्द झाली, आणि तेवढ्याच जागेत द्युतीला बसवण्यात आलं. रद्द झालेली जाहिरात वधू-वर मेळाव्याची होती.

अशा बातमीचा खरा संपादक म्हणजे तारीख, हे माझं जुनं मत आहे. त्याआधीचं उदाहरण घ्या. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस याने आपण समलिंगी असल्याचं फेब्रुवारी २०११च्या अखेरीस मुलाखतीत सांगितलं. खेळत असताना हे जाहीर करणारा त्या दर्जाचा क्रिकेटपटू तोवर झाला नव्हता. गंमत अशी की २०१०च्या ॲशेस दौऱ्यावर निघण्यापूर्वीच संघातल्या सगळ्यांना ते सांगितलेलं होतं. ज्या ड्रेसिंग रूममधून कुणाच्या पायाला गोळा आला तरी बाहेर कळतं, तिथून ही गोष्ट महिनोन्‌महिने फुटली नाही. आणि फुटली कधी? २७ फेब्रुवारीला बंगळुरूत भारत-इंग्लंड सामना ३३८-३३८ असा बरोबरीत सुटला, सचिनचं शतक, स्ट्रॉसच्या १५८ धावा, आणि त्याच रात्री-सकाळी डेव्हिसची मुलाखत. आपल्या वाचकाला ती दिसण्याची शक्यताच नव्हती. डेव्हिस स्वतः त्या विश्वचषकाच्या संघातही नव्हता. त्याच्या जागी मॅट प्रायरला घेतलं होतं.

पुन्हा ओडिशाकडे येतो, कारण खरा मसाला तिथे पुढच्या दोन दिवसांत निघाला. २१ मेला भुवनेश्वरच्या पत्रकार परिषदेत द्युतीने आरोप केला की थोरली बहीण सरस्वती आपल्याला धमकावते, २५ लाख रुपये मागते. ही सरस्वती म्हणजे कोण, तर स्वतः धावणारी, आणि धाकटीला मैदानावर आणणारीही तीच. सरस्वतीचं म्हणणं उलट: त्या मुलीच्या घरच्यांचा डोळा द्युतीच्या पैशाअडक्यावर आहे आणि पोरगी त्यांच्या दबावाखाली बोलते आहे. द्युतीला २०१८च्या आशियाई स्पर्धेतल्या दोन रौप्यपदकांबद्दल ओडिशा सरकारने तीन कोटी रुपये दिलेले. विणकराचं घर, सात भावंडं, आणि घरात अचानक तीन कोटी. प्रेमावरून सुरू झालेली बातमी दोन दिवसांत वाटणीवर आली. खानदेशातल्या कुठल्याही तहसील कचेरीबाहेर उभं राहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

बहिणींचा हा तमाशा वाचताना मला फाशानू बंधू आठवले. जस्टिन फाशानू, दहा लाख पौंडांना विकला गेलेला पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश फुटबॉलपटू. त्याने ऑक्टोबर १९९०मध्ये एका इंग्रजी टॅब्लॉइडला आपली कहाणी दिली. भाऊ जॉन, तोही फुटबॉलपटू, जाहीरपणे त्याच्यावर उलटला. पडद्यामागची गोष्ट जॉननेच पुष्कळ वर्षांनी कबूल केली: भावाने तोंड बंद ठेवावं म्हणून आपण त्याला ७५ हजार पौंड दिले होते. जस्टिनने पैसे घेतले आणि मुलाखतही दिली.

पण द्युतीच्या घरातला सगळ्यांत अस्सल आक्षेप होता तो आईचा, आणि तो राष्ट्रीय वाहिन्यांच्या चर्चेत कुणाला नीट कळलाच नाही. आई अखुजी म्हणाल्या की ती मुलगी माझ्या भाचीची मुलगी, म्हणजे माझी नात. त्या नात्याने द्युती तिला आईसारखी. मग हे जमायचं कसं? आमच्या विणकर समाजात असलं चालत नाही, हेही त्या म्हणाल्या, पण आधी नातं. दिल्लीच्या स्टुडिओत कायदा, संस्कृती, कलम ३७७ असा कल्ला चालू होता. मी ही बातमी आमच्या बसस्टँडजवळच्या चहावाल्याला वाचून दाखवली. सत्तरीचा माणूस, टाळकरी, पंढरीची वारी करणारा. मला वाटलं, आता प्रवचन ऐकावं लागणार. त्याने गाळणं आपटलं आणि म्हणाला, "पोरगी-पोरगीनं राहू दे भो. पन भाचीनी पोर म्हंजे नात लागस ना? मायनं खरं शे." मुली मुलींवर प्रेम करतात यावर त्याचा आक्षेप नव्हता. सोयरीक चुकीच्या पिढीत होती, यावर होता.

आता धावण्याच्या मैदानावरची गोष्ट. त्यासाठी जुलैपर्यंत यावं लागेल. ९ जुलै २०१९ला इटलीत नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत द्युतीने शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलं. वेळ ११.३२. या स्पर्धेच्या इतिहासात ट्रॅकवर सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आदल्या वर्षी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने हीच ११.३२ ची वेळ दिली होती आणि सुवर्ण दोन शतांश सेकंदांनी हुकलं होतं. आता तारीख पुन्हा बघा. ९ जुलैला मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना. एरवी द्युतीला क्रीडापानावर पाय ठेवायला जागा मिळाली नसती. पण न्यूझीलंडच्या ४६.१ षटकांत ५ बाद २११ धावा झाल्या असताना पाऊस आला, खेळ दुसऱ्या दिवशीवर गेला, आणि क्रीडापानाला अर्धं पान भरायला काहीच उरलं नाही. मँचेस्टरच्या पावसाने द्युतीला तीन कॉलम दिले. तिच्या मे महिन्यातल्या बातमीपेक्षा तिप्पट.

फोटोचं मात्र व्हायचं तेच झालं. त्याच महिन्यात आसामची धावपटू हिमा दास युरोपात एकामागून एक सुवर्णं मिळवत सुटली होती आणि सगळ्या संगणकांवर तिचेच फोटो उघडे पडलेले. एका जिल्हा पुरवणीत द्युतीच्या बातमीवर हिमाचा फोटो गेला. या दोघींमधल्या स्पर्धेबद्दल मैदानावर नेहमी कुजबुज असते. जाकार्तात दोनशे मीटरच्या उपांत्य फेरीत हिमा चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाली आणि त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत द्युतीला रौप्य मिळालं. तेव्हापासून दोघींच्या चाहत्यांचं एकमेकांशी पटत नाही. पुरवणीच्या कार्यालयात दुसऱ्या दिवशी फोन आले ते सगळे आसामच्या पोरीच्या नावाने चुकीची बातमी छापल्याबद्दल. द्युतीच्या बाजूने एकही नाही.

तो अंक घेऊन मी एका मैदानावर गेलो. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळांतल्या पावरा-भिल्ल मुली तिथे सरावाला येतात. बऱ्याच जणी अनवाणी. त्यांचे शिक्षक माझे जुने स्नेही. मला प्रतिक्रिया हवी होती. आमच्या धंद्यात 'प्रतिक्रिया' ही ठरलेली भाजी आहे, ताटात वाढावीच लागते. मी विचारलं, हिच्याबद्दल काय वाटतं, हिने मे महिन्यात असं असं सांगितलं होतं, तुम्हाला माहीत आहे का? मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने मान हलवली, माहीत आहे. मग तिने विचारलं, "सर, हे ११.३२ हातघड्याळावर का मशीनवर?"

हा प्रश्न किती मोलाचा आहे हे सांगायला हवं. जिल्हा पातळीवर वेळ मोजतात ती स्टॉपवॉचने. बंदुकीचा आवाज ऐकून अंगठा दाबायला माणसाला थोडा उशीर होतो, म्हणून हाताने घेतलेल्या वेळेत धावणाऱ्याला साधारण पाव सेकंद फुकट मिळतो. शंभर मीटरमध्ये पाव सेकंद म्हणजे सुवर्ण आणि आठवा क्रमांक यांच्यातलं अंतर. मी सांगितलं, मशीनवर. शिक्षकांचा चेहरा पडला. त्यांच्या सगळ्यांत वेगवान मुलीची वेळ त्यांनी जिल्हाभर सांगून ठेवली होती, आणि ती हातघड्याळाची होती. माझी प्रतिक्रिया राहिलीच. उरलेला अर्धा तास त्या मुली आपापल्या वेळेत पाव सेकंद मिळवून नवे आकडे काढत बसल्या, आणि शिक्षक माझ्यावर रागावले.

मुली निरागस होत्या असं कुणी यातून काढू नये. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना सगळं कळतं. ज्याचा आपल्या धावण्याशी संबंध नाही, त्याच्यावर बोलण्यात त्यांना वेळ घालवायचा नव्हता, एवढंच.

मुलांचं जग वेगळं आहे, तिथे टोमणा हाच अर्धा खेळ. पुढचा किस्सा मी समालोचकाच्या टेबलावरून पाहिलेला. गाव आणि माणूस सांगणार नाही. तापीकाठचं एक गाव, डिसेंबरची थंडी, चुन्याने आखलेलं मैदान, चार हॅलोजन आणि खुली कबड्डी. एका संघात एक चढाईपटू होता, उंच, सडपातळ, बोनस घेण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. त्याच्याबरोबर प्रत्येक स्पर्धेला त्याचा एक मित्र यायचा आणि गुणलेखकाच्या खुर्चीत बसायचा. दोघं सुरतेत एकाच खोलीवर राहत, कापड बाजारात कामाला. तालुक्याला सगळं ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. जाहीर झालेली गोष्ट आणि माहीत असलेली गोष्ट यांत आमच्याकडे एक मध्यरेषा असते, ती ओलांडायला दम लागतो.

उपांत्य सामन्यात समोरच्या गावच्या पोरांनी ती ओलांडली. तो चढाईला निघाला की शिट्ट्या, बायकी आवाजात हाका. मध्यंतरानंतर कुणीतरी मैदानात बांगड्या फेकल्या. पंचांनी खेळ थांबवला. मी माईकवर 'प्रेक्षकांनी सहकार्य करावं' वगैरे म्हणत होतो, ते कुणी ऐकत नसतं. एवढ्यात टोमणे मारणाऱ्या त्याच गावच्या मंडळाचा सेक्रेटरी, भरदार मिशांचा माणूस, रागाने लाल होऊन प्रेक्षकांत घुसला आणि आपल्याच गावच्या एका पोराच्या कानाखाली काढली. पुन्हा एक आवाज आला तर मंडळाची वर्गणी परत देतो आणि संघ बंद करतो, म्हणाला. मैदान गार झालं. मी माईकवर खिलाडूवृत्तीवर चार वाक्यं बोललो, आणि खरं सांगतो, मनापासून बोललो. सामना त्या चढाईपटूच्या संघाने एका लोणाने जिंकला.

नंतर तंबूच्या मागे चहा पिताना सेक्रेटरीला म्हटलं, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, पुढल्या महिन्याच्या स्पर्धेला तोच आपल्याकडून खेळणार आहे. परवाच इसार दिलाय." मी गप्प. तो पुढे म्हणाला, "त्याची एकच अट होती. गुणलेखक त्याचाच पाहिजे, जाण्यायेण्याच्या भाड्यासकट." "मग?" "मग काय, मान्य केली. आमचा गुणलेखक तसाही दारू पितो."

कुणी याला स्वार्थ म्हणेल. मी क्रीडा-वार्ताहर आहे, मला हा पुरोगामीपणाचा सगळ्यांत टिकाऊ प्रकार वाटतो. मोठ्या जगातही पैशाची दिशा बदलली की लोकांची भाषा बदलते. १९८१मध्ये टेनिसपटू बिली जीन किंगचं एका स्त्रीशी असलेलं नातं कोर्टकचेरीमुळे बाहेर आलं, तेव्हा तिचे जवळपास सगळे जाहिरातदार २४ तासांत पळाले. त्याच उन्हाळ्यात मार्टिना नवरातिलोवाने न्यूयॉर्कच्या एका क्रीडा-पत्रकाराशी मन मोकळं केलं, आणि मग विनवलं की छापू नका, स्पर्धेचे प्रायोजक जातील. तिचं अमेरिकेचं नागरिकत्व मंजूर होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. पत्रकाराने छापलंच. आमच्या जमातीवर यापुढे कुणी विश्वास का ठेवावा, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. द्युतीच्या बाबतीत चाक उलटं फिरलं: मे महिन्यात ती बोलली आणि ऑगस्टमध्ये बुटांच्या एका आंतरराष्ट्रीय कंपनीने तिच्याशी दोन वर्षांचा करार केला. त्यानंतर आमच्याकडे तिच्याबद्दल पहिल्यांदाच आदराने विचारणा झाली. एका पालकाने मला विचारलं, ती कंपनी आपल्या जिल्ह्यात येते का?

गाडीचा किस्साही याच माळेतला. जुलै २०२०, टाळेबंदी. द्युतीने फेसबुकवर आपली बीएमडब्ल्यू विकायला काढली. सरावासाठी पैसे नाहीत म्हणून, असा अर्थ निघाला. देश हळहळला. पोस्ट काही तासांत गायब झाली. पण तोवर ओडिशा सरकार चिडलं होतं आणि २०१५पासून या खेळाडूला ४.०९ कोटी रुपये दिल्याचा हिशेब त्यांनी जाहीर केला. आमच्याकडच्या प्रतिक्रियेचा सूर असा की विणकराच्या पोरीला बीएमडब्ल्यू कशाला. तिच्या प्रेमाला ज्यांनी खांदे उडवले होते, तेही गाडीवर मात्र तुटून पडले. टोक्यो ऑलिम्पिकची पात्रता पुढच्या वर्षी पतियाळात पुन्हा दोन शतांशांनीच हुकली: वेळ ११.१७, हवी होती ११.१५. जागतिक क्रमवारीच्या आधारे ती गेली, ते वेगळं.

त्यानंतरचा फोटो आठवत असेल. डिसेंबर २०२२च्या सुरुवातीला द्युतीने आपल्या जोडीदारासोबतचा, नटूनथटून काढलेला फोटो टाकला आणि लोकांनी लग्न लावूनच टाकलं. अभिनंदनाचा पूर. काही वृत्तसंकेतस्थळांनी 'द्युती विवाहबद्ध' असं छापलं. लग्न होतं द्युतीच्या बहिणीचं. या दोघी वऱ्हाडी होत्या. खुलासे होईपर्यंत आशीर्वाद देणारे आणि शिव्या देणारे, दोघांचंही काम आटोपलं होतं. ५ डिसेंबरला, म्हणजे त्याच आठवड्यात, उत्तेजक चाचणीसाठी तिचा नमुना घेतला गेला. तो सदोष निघाला. शिक्षा चार वर्षांची, ३ जानेवारी २०२३पासून. त्या दिवसापासून मला असे लोक भेटू लागले ज्यांचं २०१९पासूनच तिच्याबद्दल 'काहीतरी बरोबर नाही' असं मत होतं. २०१९ साली हे सगळे एक्झिट पोल बघत होते, याचा मी साक्षीदार आहे.

मराठी नाव यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. संजय बांगर हे नाव बीडपासून नंदुरबारपर्यंत क्रिकेटवेड्यांना पाठ आहे. २००२ला हेडिंग्लेला सलामीला येऊन त्यांनी काढलेल्या चिवट ६८ धावा द्रविड, सचिन आणि सौरवच्या शतकांखाली दबून गेल्या, पण जाणकार त्या विसरत नाहीत. त्यांच्या अपत्याने, क्लब क्रिकेट खेळलेल्या अनया बांगरने, आपण ट्रान्स स्त्री असल्याचं आणि संप्रेरक उपचार घेत असल्याचं समाजमाध्यमावर सांगितलं. द्युतीचा प्रश्न कुणावर प्रेम करावं हा, अनयाचा आपण कोण हा. दोन वेगळ्या गोष्टी, पण वृत्तपत्राच्या कार्यालयात दोन्ही एकाच खणात जातात. तारखेने इथेही दगा दिला नाही: राज्यात विधानसभेचा प्रचार ऐन भरात होता. पुढे एप्रिल २०२५च्या मुलाखतीत अनयाने काही क्रिकेटपटूंनी आपल्याला अश्लील छायाचित्रं पाठवल्याचं सांगितलं, तेव्हा ती बातमी जागा मागायला आली नाही, तिला पायघड्या घातल्या गेल्या. आयपीएल चालू होतं ना. आमच्या ओळखीच्या एका डेस्कवर सगळा दिवस एकाच प्रश्नावर गेला: यातला 'तो' कोण असेल? अनया पुन्हा क्रिकेट खेळू शकेल का, हे कुणी विचारलं नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन झालं होतं. कॅनडाच्या डॅनिएल मॅकगाहीने २०२३च्या सप्टेंबरात सहा आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामने खेळले, ट्रान्स स्त्री म्हणून पहिल्यांदाच. २१ नोव्हेंबर २०२३ला आयसीसीने नियम केला की पुरुष म्हणून वयात आलेल्या खेळाडूला महिलांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये खेळता येणार नाही. अहमदाबादला आपण विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो त्याला दोन दिवस झाले होते. त्या दिवशी देशात क्रिकेटचं पान कुणी उघडत नव्हतं.

शेवटचा किस्सा खेळाडूचा नाही, पण धावण्याचा आहे आणि आमच्या जिल्ह्याचा आहे. सुरुवात मात्र साताऱ्यापासून. २०२२च्या पोलीस भरतीत सातारा जिल्ह्यातल्या आर्या पुजारी यांना ऑनलाइन अर्जच भरता येईना, कारण अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने (मॅट) तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं: शारीरिक चाचणीचे निकष नाहीत, मग धावायला कुणाबरोबर लावायचं? ९ डिसेंबरला सरकार नमलं आणि २८ फेब्रुवारी २०२३पर्यंत निकष करण्याचं ठरलं. मला या युक्तिवादाची मौज वाटली. आमच्या नवापूरच्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे. तिकीट एका राज्यात काढायचं, स्टेशनमास्तर दुसऱ्या राज्यात बसतो, आणि गाड्या रोज जातात.

मग काही काळाने नंदुरबार जिल्ह्यातल्या विजया वसावे राज्यातल्या पहिल्या तृतीयपंथी वनरक्षक म्हणून निवडल्या गेल्याची बातमी आली. या वेळी तारीख आडवी आली नाही आणि जिल्ह्याच्या पानांवर बातमी ठळक लागली. प्रतिक्रिया काय येतात म्हणून मी फोनजवळ बसलो. सवयीने मनाची तयारीही ठेवली होती. पहिला फोन अक्कलकुव्याकडच्या एका बापाचा. पोरगा दोन वेळा भरतीत धावण्यात कमी पडलेला. वनरक्षकाला पुरुषांना पाच किलोमीटर असतं आणि बायांना तीन. यांना किती होतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, का हो? "नाही, म्हणजे बाईने सातपुड्यात राहून कशी तयारी केली ते विचारायचं होतं. नंबर मिळंल का?" नंबर मी दिला नाही. दुसरा फोन त्याच्याच गावातून, कट-ऑफ किती लागला म्हणून.